नाल्यातली टोपली

कोसमटोला, ता. राजुरा
सोमवार, २ डिसेंबर २०२४

चि. पिंकी,

तुझ्या आबाजीचा जय भीम.

सकाळच्या बसने कंडक्टर मुखरूभाऊच्या हाती हे पत्र आणि एक पुडकं देतो आहे. तो पुढे ब्रह्मपुरीच्या गाडीत देईल. पुडक्याला सुतळीच्या तीन गाठी मारल्या आहेत. एखादी सुटलेली दिसली तर काऊन सुटली म्हणून विचार. माणूस चांगला आहे, पण बस फार हलते.

आत कडू कंद आहेत. तुझी आजी करायची तसेच केले. चकत्या राखेच्या पाण्यात उकळल्या, मग तिच्याच टोपलीत भरून, वर पळसाची पानं दाबून, दोन रात्री उमरी नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवल्या. वाहतं पाणी कंदातलं विष ओढून नेते, हे तुला ठाऊकच आहे. आज उजाडताच टोपली काढली. एक चकती जिभेच्या टोकाला लावून पाहिली. कडूपणा गेला आहे, जीभ मात्र चुरचुरली. म्हणून आणखी एक लावून पाहिली. या वयात जिभेवर भरवसा ठेवता येत नाही. तू गूळ घालून वाफवून घे.

कंद मी बाजारातून घेतले. तू विचारशील म्हणून आधीच लिहून ठेवतो. जंगलात गेलो नाही. मागच्या हिवाळ्यात लटारूला वाघाने नेलं तेव्हा तुला शब्द दिला होता, आणि एकट्याने जंगलात जाऊ नये हा ठराव ग्रामसभेत मीच मांडला होता.

आज नाल्यावर बगळे नव्हते. दोन-तीन मासे पोट वर करून आले होते. उन्हाळ्यात लोक झाडाची साल कुटून डोहात टाकतात आणि मासे गुंगून वर येतात, तसंच दिसत होतं. पण डिसेंबरात साल कोण टाकणार? वरच्या पुलाजवळ पहाटे एक ट्रक पालथा झाला म्हणतात. बसला बाजूने जागा मिळेल की नाही याची काळजी आहे. बाहेर निघताना स्वेटर घालत जा. माझं सकाळपासून डोकं जड आहे. थंडी बाधली असेल.

तुझा आबाजी
खुशाल


कोसमटोला
मंगळवार, ३ डिसेंबर

चि. पिंकी,

हे पत्र मिळेपर्यंत तू पुडकं उघडलं नसशील अशी आशा आहे. ते कंद खाऊ नकोस. शिळे निघाले असं वाटते. खड्डा करून पूर, कुत्र्या-मांजराच्या तोंडी जाऊ देऊ नकोस, आणि हात साबणाने दोनदा धू. फोन केला असता, पण आपल्या फोनला रेंज लागते ती टेकडी पुलापलीकडे आहे आणि पूल कालपासून गावकऱ्यांना बंद आहे.

बंद काऊन, ते सांगतो. पालथा झालेला ट्रक औषधाचा होता, म्हणजे दवाखान्याच्या नव्हे, कारखान्याच्या. लोखंडी पिंपं होती. तीन फुटली आणि आतून साबणाच्या वडीसारखे पांढरे तुकडे नाल्याच्या काठावर आणि पाण्यात पडले. ड्रायव्हरचा पाय मोडला, त्याला बसवाल्यांनीच दवाखान्यात नेलं. ट्रकच्या मागे नारंगी पाटी होती, तिच्यावर आकडे आणि कवटी. पूल बंद व्हायच्या आधीच आपल्या लोकेशने त्या पाटीचा फोटो काढला आणि टेकडीवर पळत जाऊन कोणाकोणाला पाठवला. ते पोरगं दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसते म्हणून मी नेहमी बोलत होतो. आता बोलणार नाही.

काल दुपारी आगीचा बंब आला. त्यांनी नळी सोडली होती, रस्ता धुऊन काढणार होते. तेवढ्यात जिल्ह्याच्या पथकाची जीप आली आणि एक बाई उतरून सरळ नळीसमोर उभ्या राहिल्या. सरिता मॅडम म्हणतात त्यांना. वयाने तुझ्या बाबापेक्षा लहान. ओरडल्या नाहीत. "पानी नका मारू, भाऊ," म्हणाल्या. "हे सायनाइड हाय. एक थेंब मारसान, तं समदं नाल्यात जाईन."

सायनाइड हा शब्द मी ऐकला होता. खाल्लं की चव सांगायलाही माणूस उरत नाही, असं म्हणतात. मी तिथंच खाली बसलो.

मग कामाला सुरुवात झाली. कपाशीच्या गंजीवरच्या ताडपत्र्या मागितल्या, कारण आभाळ आलं होतं. माजरीहून खाणीतली बचावाची माणसं आली, पाठीवर हवेचे सिलिंडर, तोंडावर काचेचे मुखवटे. ती वाऱ्याकडे पाठ ठेवून कोरड्या फावड्याने एकेक तुकडा उचलत होती. नाल्यात दोन ठिकाणी रेतीच्या थैल्या रचून पाणी अडवलं. कोतवालाने खालच्या गावांत दवंडी दिली. विहिरींवर पट्टी बांधली, टँकर आला. याच टँकरचा ड्रायव्हर हे पत्र राजुऱ्याच्या पोस्टात टाकणार आहे.

वास कडू बदामासारखा येतो असं मॅडमनी सांगितलं. गावात बदाम खाल्लेला एकटा लोकेश, आणि त्याला सर्दी.

रामाजीने घंगाळभर चिंचेचं पाणी करून आणलं होतं, विषाला आंबट उतारा म्हणून. मॅडमनी ते लांबूनच थांबवलं. आंबट लागलं की या विषाचा वायू होतो आणि तो जास्त वाईट. रामाजीच्या दोन शेळ्या काल सकाळी नाल्यावर पाणी प्याल्या होत्या, त्या तिथंच गेल्या. तो रडला नाही. घंगाळ उलटं करून त्याच्यावर बसून राहिला.

मॅडमनी सगळ्यांना विहारासमोर जमवून विचारलं, रविवारच्या रात्रीपासून कोणी नाल्यातून काही काढलं का, मासे, खेकडे, भाजी, काहीही, सांगा, कोणावर केस होणार नाही. चार-पाच जणांनी मासे आणून दिले, ते चुन्याच्या खड्ड्यात पुरले. वनरक्षक बाजूलाच उभा होता. सगळं गाव होतं. मी काही बोललो नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं.

तर कंद शिळे आहेत, खाऊ नकोस. तुझ्या बाबाला माजरीला यातलं काही कळवू नकोस. तो मला तिकडच्या क्वार्टरमध्ये नेऊन ठेवील.

आबाजी


मुलींचे वसतिगृह, ब्रह्मपुरी
३ डिसेंबर

प्रिय आबाजी,

जय भीम.

पुडकं आजच मिळालं, तिन्ही गाठी शाबूत. कंद लगेच गूळ घालून वाफवले. फार छान झाले होते, अगदी आजीच्या हातचे. मी तर पोटभर खाल्लेच, खोलीतल्या दिव्यानीलाही दिले. तिने बोटं चाटली. संध्याकाळपर्यंत एक चकती उरली नाही.

माझी परीक्षा सोळा तारखेला संपते. स्वेटर घालते. तुमचं डोकं दुखत असेल तर नुसतं थंडी म्हणून सोडून देऊ नका.

एक विचारते, रागावू नका. कंद बाजारात मिळाले म्हणता. आपल्या बाजारात कंद विकायला आलेले मी तरी कधी पाहिले नाहीत. जंगलात गेला नव्हतात ना?

तुमची
पिंकी


कोसमटोला
शुक्रवार, ६ डिसेंबर

पिंकी,

उजेड आहे तोवर लिहून घेतो.

तुझं पत्र आज दुपारी पोस्टमनने पुलापलीकडून काठीला बांधून दिलं. मी ते उभ्यानेच वाचलं. "पोटभर खाल्लेच" या शब्दांवर अंगठा ठेवून उभा होतो. वाटलं, अंगठा काढला नाही तर ते शब्द तिथं नसतील. तारीख पाहिली. तीन. आज सहा. मधल्या तीन दिवसांत काय झालं हे सांगणारं माझ्याजवळ कोणी नव्हतं. आणि पूल बंद.

आज सहा डिसेंबर. टँकरच्या पाण्याने का होईना, सगळ्यांनी अंघोळी केल्या, पांढरे कपडे घातले आणि चार वाजता विहारात जमलो. गावात वयाने मी मोठा, म्हणून पंचशील मीच सांगतो आणि बाकीचे माझ्यामागून म्हणतात, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. ते माझ्या तोंडून निघेना. पन्नास वर्षांपासून म्हणत आलो, विसरलो नव्हतो. लोक माझ्या तोंडाकडे पाहत थांबले. लोकेशला वाटलं मी विसरलो, त्याने मागून हळूच शब्द सांगितला. मी त्याला हाताने थांबवलं.

मग सगळ्यांसमोर सांगितलं. तुलाही आता तेच सांगतो.

कंद बाजारातले नव्हते. शनिवारी मी एकटा जंगलात गेलो, लटारूला वाघाने नेलं त्याच बाजूला, आणि खणून आणले. सोबत माणूस नव्हता, काठी होती. तुझी आजी जाऊन दोन वर्षं झाली, तिच्यामागे तुला कंद मिळाले नाहीत असं व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं. सोमवारी सकाळी टोपली काढली तेव्हा ट्रक पडून तास-दीड तास झाला होता आणि टोपलीची जागा पुलाच्या खालच्या अंगाला होती. हे मला सोमवारी दुपारीच कळलं होतं. मंगळवारी तुला शिळे म्हणून लिहिलं तेव्हाही माहीत होतं. वनरक्षकाला भ्यालो, गावाला लाजलो, तुझ्या बाबाला भ्यालो. आणि खरं म्हणजे, सांगितलं नाही तर ते झालंच नाही असं वाटत होतं.

रामाजी म्हणाला, "ठराव कोनं मांडला होता गा, खुशालभाऊ?" कोणी हसलं नाही. तोच पुढे म्हणाला, "मॅडमले बलवा. पोरीचं पायजा आधी."

सरिता मॅडम बाहेर विहिरीचं पाणी तपासत होत्या. त्या जोडे काढून आत आल्या आणि माझ्याजवळ सतरंजीवर बसल्या. रागवल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं. टोपली किती वाजता काढली, पानं दाबलेली होती का, पुडकं ओलं होतं का, पोरीचं पत्र कुठं आहे. पत्र वाचलं, तारीख पाहिली. म्हणाल्या, "आबाजी, हे जहर थांबत नाई. खाल्लं का घडीभरात दाखवते. पोरगी संध्याकाळी पत्र लिवून राह्यली, म्हनजे तवापर्यंत तिले काई झालं नव्हतं." मी विचारलं, आणि पत्र लिहायच्या जरासं आधीच खाल्लं असेल तर? त्यांनी लगेच पोलिसाच्या गाडीतल्या वायरलेसवरून चंद्रपूरला कळवलं, की ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातून माणूस वसतिगृहात पाठवा, मुलीला तपासा, पुडक्यातलं काही उरलं असेल तर हात न लावता ताब्यात घ्या.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आनि तुमी? चाखून पायलं का?" मी दोन चकत्या जिभेला लावल्या होत्या, हे सांगितलं. सोमवारी डोकं जड होतं, दोनदा उलटी झाली, हेही सांगितलं. यातलं उलटीचं तुला लिहिलं नव्हतं. पथकातल्या डॉक्टरने नाडी पाहिली, छाती पाहिली, आता धोका गेला म्हणाला.

टोपली त्यांनी मागितली. मी धुऊन छपरात खोसून ठेवली होती. तुझ्या आजीने काठाला लाल दोरा गुंफला होता, नाल्यात दहा टोपल्यांत आपली ओळखू यावी म्हणून. दोरा तेवढा काढून घेऊ का, असं विचारलं. मॅडम नाही म्हणाल्या. मुखवटा लावलेल्या माणसाने ती चिमट्याने उचलून पिंपात टाकली, वर झाकण बसवलं. रंभाबाई माझ्याजवळ उभी होती. तुझी आजी आणि ती एकाच ठिकाणी टोपल्या ठेवत. ती म्हणाली, "भाऊ, टोपली जाऊ दे. पोरगी येऊ दे."

निरोप अजून आलेला नाही. मी विहाराच्या पायरीवर बसलो आहे. गाडीतला वायरलेस खरखरला की सगळे त्या बाजूला पाहतात. पिंकी, हे पत्र वाचायला तू असलीस, तर मला जे बोलायचं असेल ते बोल. तुझ्या बाबाला मीच कळवतो.

आबाजी


ब्रह्मपुरी
शनिवार, ७ डिसेंबर

आबाजी,

मी बरी आहे. काल रात्रीच निरोप पोचला असेल, पण माझ्या हातचं अक्षर पाहिल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही, म्हणून पहिली ओळ ही.

मी कंद खाल्ले नाहीत.

काल संध्याकाळी दवाखान्यातल्या सिस्टर आणि एक पोलीस आले तेव्हा मी अभ्यास करत होते. वॉर्डन मॅडम घाबरून गेल्या. सिस्टरनी विचारलं, किती खाल्ले? मी पलंगाखाली हात घालून ट्रंकेमागचं पुडकं दाखवलं. तिन्ही गाठी तशाच होत्या. त्यांनी मला हात लावू दिला नाही. हातमोजे घालून जाड पिशवीत भरून नेलं. तुमचं शिळे कंद फेकण्याचं पत्र आज सकाळी मिळालं.

गेल्या वर्षी तुम्ही पाठवलेले कंद मी खोलीत वाफवले होते. मुलींनी नाकाला ओढण्या लावल्या. "जंगलचं काय काय खातेस गं," असं कोणी तरी म्हणालं. दिव्यानी नव्हती म्हणाली, ती माझ्या बाजूने भांडली. पण मला लाज वाटली. ते मी बाहेर नेऊन टाकले आणि तुम्हाला लिहिलं, खूप छान झाले होते. या वेळी तर उघडलेसुद्धा नाहीत. कसं लिहायचं ते पाठ झालं होतं, अगदी आजीच्या हातचे, बोटं चाटली, एक चकती उरली नाही. ते शब्द वाचून तुमचं काय होईल हे मला कसं कळणार?

तुमचं पुढचं पत्र अजून आलेलं नाही, पण गावाकडून आलेल्या निरोपात काय होतं ते सिस्टरनी सांगितलं. तुम्ही जंगलात गेलात याचा राग आला होता. दोन-तीन तास टिकला. मग वाटलं, मी कोणत्या तोंडाने रागावू?

बाबांना मी फोन केला. ते रविवारी तुमच्याकडे येत आहेत. क्वार्टरमध्ये न्यायला नाही, नुसतं भेटायला. मी तसं वदवून घेतलं आहे.

तुमची
पिंकी


कोसमटोला
गुरुवार, १२ डिसेंबर

चि. पिंकी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पहिली ओळ वाचून घडी घातली, चहा प्यालो, मग पुढचं वाचलं. तुझा बाबा आला होता. दोन वेळा जेवला, जाताना माझी कुऱ्हाड आणि खणायची कुदळ घेऊन गेला. माजरीत त्याला कुदळीचं काय काम? पण मी विचारलं नाही.

काल मॅडमनी तुझ्या पुडक्याचा तपास सांगितला. त्यात विष निघालं. मी विचारलं, किती? त्या म्हणाल्या, "पोटभर खाल्ले असते, तं मले तुमच्यापाशी असं बसता आलं नसतं."

पाण्याचं काम अजून चालू आहे. अडवलेल्या डोहात आधी चुना टाकतात, मग ब्लिचिंगचं पाणी सोडतात. उलटं चालत नाही, वायू होतो. मी त्यांना सांगितलं, तुझी आजी बायनाबाई पण आधी राख टाकायची, मग पाणी, आणि आंबट तर चुलीजवळ येऊ द्यायची नाही. मॅडम हसल्या. म्हणाल्या, तुमच्या बाईला पथकात घ्यायला पाहिजे होतं. मग त्यांनीच सांगितलं की सगळंच विष वाहतं पाणी घेऊन जात नाही, काही विष ते घेऊन येते. हे मला पंच्याहत्तराव्या वर्षी कळलं. नाल्यात टोपल्या कधी ठेवायच्या ते आता पाण्याचा तपास तीनदा चांगला आल्यावर विहाराच्या फळ्यावर लिहिणार आहेत. फळ्याची जबाबदारी माझ्यावर दिली आहे. माझं अक्षर वाईट आहे, आकडे बरे येतात.

वनरक्षकाने केस केली नाही. ग्रामसभेने मात्र मला उभं केलं. रामाजीने सुचवलं, की महिनाभर जंगलाकडे जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारायचं काम खुशालभाऊला द्या, कोणकोणत्या थापा मारतात ते त्याला माहीत आहे. सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या शेळ्यांची आठवण झाली म्हणून पूर्ण हसू आलं नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसलो.

तुझ्यावर रागावावं की काय करावं ते कळत नाही. तू मला दोन वर्षं फसवलं, म्हणून तू आहेस. मी तुला एकदा फसवलं, त्यात तू गेली असतीस. हा हिशोब माझ्याने जुळत नाही आणि मॅडमना विचारण्यासारखा पण नाही. विहारात चौथं शील म्हणताना आता माझा आवाज निघतो, पण आधी थोडा थांबतो.

बस सुरू झाली आहे. मुखरूभाऊ विचारत होता, पुडकं काऊन नाही या खेपेला? म्हणून तुला विचारतो. तुला काय आवडते? आजी करायची ते नको सांगू, मला बरं वाटावं म्हणूनही नको. खरं लिही. खोटं लिहिलंस तर मला आता ओळखू येईल असं वाटते, पण नक्की नाही.

आबाजी


ब्रह्मपुरी
१६ डिसेंबर

आबाजी,

जय भीम. आज शेवटचा पेपर झाला. कार्डावर जागा कमी आहे.

कंद मला लहानपणीही आवडत नव्हते. आजी समोर बसायची म्हणून मी खायची. मोहफुलाचे लाडू आवडतात, अगदी खरं, पण ती फुलं वेचायला जंगलात जावं लागते आणि तुम्हाला मी ओळखते. म्हणून बाजारातले मुरमुऱ्याचे लाडू पाठवा. बाजारातलेच.

खाल्ले तर खाल्ले म्हणून लिहीन. नाही खाल्ले तर तसं लिहीन.

पिंकी